डेसच्या वाट्याचं दीड पान

बापाच्या खुनावरचं पुस्तक संपवून टीगन तडक आईकडे आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ढसाढसा रडायला लागली. पोरगी बापासाठी रडतेय, असं ग्लेनिसला वाटलं. हातातलं सफरचंद, सुरी बाजूला ठेवून तिनं लेकीला जवळ घेतलं.

“आई, सावत्र बाप त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडायचा गं. एवढंसं पोर!”

“कुणाला?”

“क्लाइव्हला.”

ग्लेनिसचा हात लेकीच्या पाठीवर थबकला. टास्मानियातल्या त्या सफरचंदाच्या खोऱ्यात तिच्या नवऱ्याचा, डेस हॅलमचा, छोटासा पेट्रोल पंप होता. एका भरदुपारी क्लाइव्ह ट्रँटरनं गल्ल्यासाठी त्याला गोळी घातली. टीगन तेव्हा पाळण्यात होती.

“त्याच्यासाठी रडतेस?”

“मुद्दाम नाही रडले गं. आपोआप आलं.”

टीगन पुस्तक तिथेच विसरून गेली. ग्लेनिसनं ते उघडलं. क्लाइव्हचं बालपण, त्याचे निळे डोळे, त्याचा मेलेला कुत्रा, त्याची कोर्टातली शांत मुद्रा, सगळं पानंच्या पानं. डेसच्या वाट्याला दीड पान. ‘साधासुधा माणूस, मासेमारीचा शौकीन.’ मासेमारी! होडी नुसती हलली तरी डेसला उलटी व्हायची. लेखक दारात आला होता, तेव्हा ग्लेनिसनंच त्याला हाकललं होतं. मग सांगणार कोण?

आणि खुराड्याचं प्रकरण वाचता वाचता तिचेही डोळे भरून आले. तिला स्वतःचीच किळस आली. तिनं पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी टीगन म्हणाली, “मी तुरुंगात जाऊन त्याला भेटणार आहे.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“बाबांचं शेवटचं बोलणं त्यानंच ऐकलंय. तू तर कधी काही सांगतच नाहीस.”

परवानगी यायला बरेच महिने लागले. भेटीच्या दिवशी गाडी ग्लेनिसनंच चालवली, पण आत गेली नाही. तुरुंगाबाहेर गाडीतच बसून राहिली.

टीगन लवकर परतली. गाडीत बसून तिनं दार ओढून घेतलं.

“म्हातारा झालाय. दातही पडलेत. आधी मलाच विचारतो, पुस्तक वाचलंस का? माझ्या आईचा भाग कसा वाटला?”

“आणि बाबांचं?”

“मी विचारलं ना, माझे बाबा शेवटी काय म्हणाले? तर म्हणे, पुस्तकात असेल बघ. मला आता पुस्तकातलंच आठवतं.” टीगनचा आवाज चिरकला. “त्याला बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही, आई. आणि मी त्याच्यासाठी रडले.”

“मीही रडले,” ग्लेनिस म्हणाली.

टीगननं वळून आईकडे पाहिलं.

“डेसला शीळ घालता यायची नाही,” ग्लेनिस अचानक म्हणाली. “नुसती हवा निघायची. तुला झोपवताना तरी हट्टानं घालायचा. तू टक्क जागी राहायचीस.”

“आणखी सांग ना.”

ग्लेनिस आठवू लागली. टोस्टवर तो जॅम आधी लावायचा, लोणी वरून. पावती लिहिताना जीभ बाहेर काढायचा. मग टीगननं विचारलं, “आवाज कसा होता गं त्यांचा?”

ग्लेनिसनं डोळे मिटले. खूप प्रयत्न केला.

“नाही गं आठवत,” ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली.