सुईखालची जमीन
१९७६ साली आम्ही एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. जमीन लाकडी फळ्यांची. बाहेरच्या खोलीत कुणी चाललं की आत कपाटातले पेले किणकिणायचे. त्याच बाहेरच्या खोलीत यांचं टर्नटेबल होतं.

हे रेकॉर्डच्या दुकानात कामाला होते. मालकाने यांच्याकडे दोन टोनआर्म दिले होते. टोनआर्म म्हणजे तबकडीवर सुई तोलून धरणारा दांडा. एक आखूड, एक लांब. सोबत दोन कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेल्या नखाएवढ्या डब्या. कुठला जोड चांगला वाजतो ते ऐकून सांगायचं, दुकान तोच मागवणार. ऐकायला यांचा मित्र, दातांचा डॉक्टर, यायचा, आणि मी. माझा कान तयार आहे, हे यांनीच ठरवलेलं. डॉक्टरभावजी म्हणायचे, "माझ्या कानात कायम ड्रिल चालू असतं. वहिनी म्हणतील ते खरं."

सुई खाली असेपर्यंत घरात कुणी हलायचं नाही. बाजू संपली की दांडा बदलायचा, वजन जुळवायचं, पुन्हा तीच बाजू. दूध करपल्याचा वास यायचा आणि मी खुर्चीत.

आमच्या ढमीला तेव्हा नुकतं वर्ष झालं होतं. भिंत धरून उभी राहायची, पुढे जायची नुसती घाई. एकदा तिने धपकन पाय आपटला आणि सुईने अर्ध्या गाण्यावरून उडी मारली. हे आवाज न चढवता म्हणाले, "काम होईपर्यंत हिला ताईकडे ठेवू."

वन्संच्या गावाला जायला अख्खा दिवस लागायचा. मी म्हटलं, "तबकडी चालू असताना हिचा पाय जमिनीला लागणार नाही."

"आणि लागला तर?"

"तर न्या."

तेव्हापासून सुई टेकायच्या आधी ढमी आतल्या खोलीत, कठड्याच्या पलंगावर. राखण सासूबाईंची. ती आधी रडायची, मग तेही सोडलं.

लांब दांडा लावला की खालच्या सुरांत मध्येच एक ठोका यायला लागला. "कुणीतरी उशी आपटल्यासारखं," डॉक्टर म्हणाले. यांनी स्क्रू आवळले, कार्ट्रिज बदललं. नाजूक सुईच्या कार्ट्रिजवर तर ठोका वाढलाच. मी कान देऊन ऐकलं. दोन ठोके लगोलग, मग थांबणं, मग एक. यंत्र असं अडखळत नाही. तोल सावरणारं माणूस अडखळतं.

सासूबाई ढमीला खाली सोडत होत्या. माझी लेक भिंतीपलीकडे पहिली पावलं टाकत होती, आणि ती मी स्पीकरमधून ऐकत होते, खुर्चीचे हात घट्ट धरून.

"तुला येतंय ना ऐकू?" यांनी विचारलं.

"तबकडीतच असेल."

"तबकडीत कसं? आखूड दांड्याला येत नाही. लांबाचं काही खरं नाही, उद्या मालकाला सांगून टाकतो."

"थांब," डॉक्टर म्हणाले. "दात काढायच्या आधी शेजारचा ठोकून बघावा. तबकडी बंद कर. सुई तशीच राहू दे."

तबकडी फिरायची थांबली. खोली गप्प झाली. मग त्या गप्प स्पीकरमधून आलं: धप. धप धप. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा मोठा. दार ढकललं गेलं आणि ढमी उंबऱ्यात उभी. मागे सासूबाई, आपला आवाज नको म्हणून स्वतःच्या चपला हातात घेऊन.

"सापडला दात," डॉक्टर म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. "तू ओळखलं होतंस."

"हो."

"शब्द दिला होतास."

"शब्द हिने दिला होता," सासूबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं? तू चालायला लागलास तेव्हा मी वाट अडवून बसले नव्हते."

"उद्या ताईला तार करतो."

"दोन तिकिटं काढा," मी म्हटलं. "मीही जाते. ऐकायला भावजी आहेतच."

"मला नका यात ओढू," डॉक्टर म्हणाले. "मला दोन्ही दांडे सारखेच वाजतात."

हे सुई उचलायला वळले. "ती तिकडे चालायला शिकेल आणि इकडे येऊन पळेल," मी म्हटलं. "मग कुठे पाठवाल?"

डॉक्टर तोवर उठून बोटाने भिंत ठोकून बघत होते.

आठवड्याने सुताराने दगडी भिंतीत लोखंडी आधार ठोकून जाड फळी बसवली. टर्नटेबल जमिनीवरून भिंतीवर गेलं. ठोका गेला. लांब दांड्यावर तबकडीच्या मध्याजवळचं शेवटचं गाणंही स्वच्छ वाजलं, बाईच्या आवाजातला 'स' आखूड दांड्यावर फिसकारायचा तसा फिसकारत नव्हता. तसं मीच सांगितलं. ढमी घरभर धावायला लागली. माझ्याशिवाय ऐकणं अडतं हे मात्र मीच सिद्ध करून बसले होते. पुढे दुकानातला प्रत्येक नवा दांडा, प्रत्येक कार्ट्रिज आधी माझ्या खुर्चीसमोर आलं.

दुकानाने लांब दांडे मागवले, ते खपलेही. रेकॉर्ड घेणारे संपले तसं दुकान बंद झालं. डॉक्टरभावजी मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. शेवटी त्यांना ड्रिलसुद्धा ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी त्याच आतल्या खोलीत डोळे मिटले. आपल्याकडे ढमी राहायला येणार होती हे वन्संना कधी कळलंच नाही. ढमी अजून टाच आपटून चालते. खालचे लोक तक्रारी करायचे, म्हणून शेवटी तिने तळमजल्यावर घर घेतलं.

यांना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. रविवारी तबकडी लावतात आणि म्हणतात, "बस गं जरा. 'स' कसा येतोय?" आम्ही त्याच घरात आहोत, फळी अजून पक्की आहे. लेक आली की खोलीतून धपधप जाते आणि सुई हलत नाही. मी "छान येतोय" म्हणते, आणि बाजू संपेपर्यंत बसून असते.