चिखल्याच्या पाठीमागे

अफेफानं पाचवी काठी उपटली, ती बाकीच्या चारांबरोबर काखेत मारली आणि सरळ त्या पालथ्या पडलेल्या माणसाकडे चालू लागली.

तीन दिवस तो खाजणात असाच सरपटत होता. कोपरांवर पुढे सरकायचा, थांबायचा, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा गोणीवर टेकवून तासन् तास निपचित पडून राहायचा. विचारलं की म्हणे पाखरांचे फोटो काढतो. मुठीत मावेल एवढं पाखरू, त्यासाठी धडधाकट माणूस चिखलात लोळतो, हे गावात कोणाच्याच गळी उतरलं नव्हतं. अफेफाच्या तर नाहीच.

त्यातून तो आल्यापासून तिच्या मिठाच्या पट्टीत उभ्या राहणाऱ्या काठ्या. केटा गावाकडच्या या खाजणात पाणी आटलं की पुजारी मीठ उघडण्याचा, म्हणजे सगळ्यांना गोळा करायला मोकळं करण्याचा, दिवस ठरवतो. त्या सकाळी तो सगळा तळ फिरून बघतो. पट्टीत ज्याची काठी उभी, त्या वर्षीचं मीठ त्याचं. पण एकाच पट्टीत दुसऱ्याचीही काठी निघाली, तर ती पट्टी वादाची ठरते आणि घराण्याकडे परत जाते. अफेफाचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते. पदरी मूल नव्हतं. त्याची पट्टी तेवढी उरली होती, आणि ती गेली तर तिला गाव सोडून भावाच्या दारात जाऊन बसावं लागणार होतं. मीठ उद्या उघडणार होतं.

या माणसाविषयी तिला पहिल्यांदा सावध केलं ते थोरल्या जावेनं, एसीनामनं. सुतकात हिनंच तिला दोन वेळा भरवलं होतं. कोण्या मीठ कंपनीचा माणूस असणार, पाखरांचं नुसतं निमित्त, असं ती म्हणाली. अफेफा काठ्या उपटायला निघाली तेव्हा मात्र तिनं अडवलं. राहू देत, पुजाऱ्याला डोळ्यांनी दिसू देत, म्हणजे तो आयताच सापडेल, असं तिचं म्हणणं. अफेफाला काही एवढा धीर नव्हता. रोज पहाटे ती पट्टीतल्या आणि पलीकडच्या उंचवट्यावरच्याही काठ्या उपटायची आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उभ्या असायच्या.

तिची सावली पडली तसा तो माणूस उठून बसला. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत चिखल. नाव कोबिना एसिल्फी, केप कोस्टच्या शाळेतला मास्तर. इथली एवे भाषा तो अडखळत बोलायचा, चुकला की स्वतःच हसायचा. तिच्या काखेत काठ्या दिसल्या तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं.

"तुम्हीच काढता होय? अहो बाई, तिथं अंडी आहेत. कोणाचा पाय पडू नये म्हणून खूण करतो मी."

"खूण करायला माझीच पट्टी सापडली?"

तुमची पट्टी कुठली, असं त्यानं विचारलं. तिनं बोट दाखवलं. तिकडे आपण पाऊलही टाकलं नाही, तो म्हणाला, तिकडे घरटंच नाही. घरटी तीन, तिन्ही पलीकडच्या उंचवट्यावर, म्हणून काठ्याही तीनच. त्यानं तिच्या काखेतल्या काठ्या घेऊन तीन बाजूला काढल्या. त्यांची टोकं चाकूनं तिरकी कापली होती. उरलेल्या दोन कोयत्याच्या एका घावात तोडलेल्या होत्या. अफेफानं आजवर काठ्या उपटल्या होत्या, निरखून एकही पाहिली नव्हती.

तरी तिचा विश्वास बसेना. शहरातल्या माणसाला बोलायला काय लागतं?

"दाखव तुझी पाखरं," ती म्हणाली.

तो खुलला. कॅमेऱ्याच्या मागच्या चौकोनात एकेक फोटो सरकू लागला. तेच मुठीएवढं पाखरू, चिखल्या, अंड्यांवर पायानं वाळू लोटताना. चिखल्या एका पायावर. शेपटीचं पीस न् पीस मोजता येत होतं. तिला नकळत हसू आलं, एवढ्याशा जिवाचा केवढा तो रुबाब. मग त्यानं एक फोटो भरभर पुढे ढकलला.

"तो का नाही दाखवत?"

"वाया गेला तो. काल उजाडता उजाडता काढला. पाखरू उत्तम आलंय, पण मागं कोणीतरी आलं. पुसून टाकणार आहे."

तिनं तो मागे आणायला लावला. पुढे चिखल्या, डोळ्यातल्या चमकेसकट स्वच्छ. पाठीमागे धुक्यात बुडाल्यासारखी एक बाई वाकून दोन्ही हातांनी काहीतरी जमिनीत खुपसत होती. चेहरा नव्हताच, नुसता पिवळा डाग. पण तो पिवळा रुमाल डेनूच्या बाजारातून अफेफानंच जावेसाठी आणला होता, आणि वाकताना उजवा पाय असा लांब टाकणारी बाई गावात एकच होती. पट्टी घराण्याकडे गेली तर ती थोरल्या दिराकडेच जाणार होती. हे तिला आठ महिने ठाऊक होतं, पण ती वाट जावेपर्यंत जाते हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला भरून आलं. राग नंतर आला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "आणि उद्या पुजारी येईल तेव्हा इथंच थांब."

मास्तरच्या तीन काठ्या तिनं स्वतः जाऊन लावल्या, अंड्यांपासून दहा पावलं राखून.

घरी एसीनाम चुलीवर मक्याच्या पिठाचं आक्प्ले घोटत होती. तिनं अफेफासाठी पाट सरकवला, ताटलीत मासा वाढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बोललीस त्याच्याशी? काय म्हणाला?"

"काही नाही, ताई. कालचा एक फोटो वाया गेला म्हणाला. पाखराच्या मागं कोणी बाई आली."

एसीनाम पुन्हा घोटू लागली. बराच वेळ घोटत राहिली. कोण बाई, हे तिनं विचारलं नाही.