गालावरचं पान

वडिलांना शेवटची आंघोळ घालताना तिला त्यांच्या डाव्या गालावर पान दिसलं. हिरवट, करवती कडांचं, शिरांसकट उमटलेलं. ती पत्र्यावरून ठसे छापणारी चित्रकार. असा ठसा नुसतं पडून उमटत नाही, वरून भार लागतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ठसा टिपून घ्यायला ती कागद आणायला धावली. परतेपर्यंत आत्याने गाल घासून लख्ख केला होता.

"भावाला मळक्या तोंडाने पाठवू का गं?" आत्या म्हणाली.

त्या पानाचं झुडूप एका झऱ्यापाशीच उगवायचं. झरा त्यांच्या जुन्या गावचा. बाहेरून आलेल्या कंपनीने नकाशावर तिथे 'ओसाड' लिहिलं, मग घरं पेटवून, माणसं हाकलून नकाशा खरा केला आणि कुंपण घातलं. तरीही वडील तारेखालून शिरून झऱ्याचं पाणी पिऊन यायचे. कंपनीचं म्हणणं, ते रस्त्यावर गाडीखाली आले.

"कोर्टात पाला चालत नाही," ठशाचं ऐकून काका म्हणाला. "शेळ्यांना चालतो."

तिसऱ्या दिवशी भरदुपारी ती तारेखालून शिरली. पिशवीत मऊ मेण फासलेला तांब्याचा पत्रा होता; वर दाबलेल्या वस्तूचा ठसा त्या मेणात उमटायचा. झुडपाच्या फांद्या मोडलेल्या, खालची माती काळपट लाल. तिने पत्रा टेकवून मेणावर डहाळी मांडली, तोच पाठीत काठी बसली. दुसरी खांद्यावर. ती पत्र्यावर पालथी कोसळली.

"म्हाताऱ्याची कोण तू?" कंपनीच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"मुलगी."

"तुझा बापही इथेच तोंड खुपसून पडला होता." त्याने तिच्या पाठीवर बूट ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. बरगडी मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. कूस बदलली असती तर सुटली असती, पण ठसा फिसकटला असता. ती दात आवळून तशीच राहिली.

त्याने तिला केसांना धरून फरफटत रस्त्यावर आणून टाकलं. पत्रा तिने छातीशी कवटाळलेला होता.

आठवड्याने, छाती आवळून बांधलेल्या अवस्थेत, तिने पत्रा आम्लात बुडवून ठसा तांब्यात कोरून घेतला आणि शाई भरून पहिला कागद छापला. करवती कडांची पानं, त्यांच्यामध्ये तिच्या सदऱ्याची वीण, एक बटण.

आत्या वाकून बघत राहिली.

"हेच पान मी त्याच्या गालावरून घासलं," ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "कुठे सांगायचं, तिथे मला घेऊन चल."