एटेल्विनाने कुणाची वाट पाहिली नाही

"बाबा, त्यांना हात करू नका," ग्रासा म्हणाली.

बेल्मीरोचा हात खिडकीबाहेर तसाच राहिला. खाली तीन चाकांची पिवळी टुकटुक उभी होती. तिच्यात चार परदेशी माणसं माना वर करून बसली होती, आणि त्यातली एक बाई छातीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. बेल्मीरो रोजच हात करायचा. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस टुकटुकी या चढावर थांबत, समोरच्या भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो होता त्याच्यापुढे. पाहुणे फोटो बघत, कुणी डोळे टिपत, मग वर खिडकीकडे बघत. हा हात करी. आपल्या माणसाला कुणी मान दिला तर आपण निदान ओळख द्यावी, एवढीच त्यामागची रीत.

"का नको?"

ग्रासा त्याची लेक. लक्झेंबर्गला ऑफिसं झाडायचं काम करते, ऑगस्टात पंधरा दिवस लिस्बनला, आल्फामाच्या या जुन्या वस्तीत येते. तिला फ्रेंच घरच्यासारखं येतं, आणि आजचे पाहुणे फ्रेंच होते. खिडकीशी टॉवेल वाळत घालताना तिने चालकाचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. सांगायला ती तयार नव्हती. बापाने आवाज चढवला तेव्हा तिने सांगितलं. या बाईचा नवरा कॉड मासे धरायला दूर उत्तरेच्या समुद्रात गेला, त्याची बोट बुडाली. तेव्हापासून चाळीस वर्षं ही बाई रोज संध्याकाळी या चढावर यायची आणि नदीकडे तोंड करून त्याला हाका मारायची. फोटो त्या हाकांचाच आहे. हाका मारता मारताच ती गेली.

"नवरा बुडाला?"

"हो."

"म्हणजे मी."

"तुम्ही."

बेल्मीरोने हात आत घेतला. "मग खिडकीत बसतो तो कोण?"

ग्रासाने टॉवेलला दुसरा चिमटा लावला. "तो शेजारी. तुमचं म्हणे आईवर प्रेम होतं, पण जन्मात कधी बोलला नाहीत. अजून बघत बसता तिच्याकडे."

चार वर्षं. चार वर्षं तो स्वतःच्या बायकोचा मुका शेजारी म्हणून लोकांना हात करत होता. बेल्मीरोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चालकांचा उद्धार केला, त्यांच्या मालकांचा केला, विमानं उडवणाऱ्यांचाही केला. आपल्या नावाने जिवंतपणी मेणबत्ती लावली याचं त्याला एवढं वाटलं नाही. माणूस आज ना उद्या मरतोच. पण एटेल्विनाला चाळीस वर्षं एका जागी उभी केली, हे त्याला गिळवेना.

फोटो त्यानेच दिला होता. ती गेल्यावर दोन वर्षांनी परगण्याच्या कचेरीतली मंडळी आली होती. गल्लीतल्या जुन्या माणसांचे मोठे फोटो भिंतींवर लावायचे म्हणत होती. त्याने काळापांढरा फोटो काढून दिला. त्यात एटेल्विना पंचविशीची, डोक्यावर मासळीची टोपली, एक हात तोंडाशी, तोंड उघडं. भिंतीवरची जागा आखूड होती म्हणून त्यांनी फोटो वरून कापला, आणि टोपली गेली. खाली काय लिहू, असं त्यांनी विचारलं होतं. मासेवाली लिहू? जन्म-मृत्यूची सालं लिहू? बेल्मीरोने हात झटकले होते. तिला गल्लीत कोण ओळखत नाही? नुसतं नाव लिहा, एटेल्विना, पुरे.

चूक ती तिथे झाली. गल्लीला अकरा दारं. आता त्यातल्या नऊ दारांवर आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या डब्या लटकतात आणि तीन-तीन रात्रींची माणसं चाकांच्या बॅगा खडखडवत येतात-जातात. दहाव्या दाराआड एक म्हातारी आहे, तिला स्वतःचं नाव आठवत नाही. ओळखणारा उरला बेल्मीरो, आणि तो तर बुडालेला.

ग्रासा म्हणाली, कचेरीत तक्रार करा. तो म्हणाला, आधी मला माझं मरण माझ्या कानाने ऐकू दे.

दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मोठ्या चर्चसमोरच्या थांब्यावर गेला. पहिल्या टुकटुकीशी एक चाळिशीची बाई उभी होती. इलिदिया तिचं नाव, नदीपलीकडच्या बारेरोची. पूर्ण गाडी हवी म्हणाला. तिने त्याच्या मागे-पुढे पाहिलं.

"एकटेच, काका? नि लिस्बनचेच दिसता."

"लिस्बनचाच. परदेशी पाहुण्यांना जे सांगता तेच मला सांगायचं, आपल्या भाषेत. एक शब्द गाळायचा नाही."

"मग रुमाल आणलाय ना? एका ठिकाणी रडावं लागतं."

ते निघाले. ज्या रुळांवरून बेल्मीरोने चौतीस वर्षं ट्राम नेली, त्यांच्यावरूनच ती रंगीत डबी उड्या मारत वर चढली. आमच्या लिस्बनमध्ये ट्राम चालवणाऱ्याला चालक म्हणत नाहीत, ब्रेक राखणारा म्हणतात. चढवेल कुणीही, उतरवतो तो खरा. इलिदिया सांगत होती, हा बुरूज, हा भूकंप, हे मूर लोकांचं वगैरे. राजांची तिने दोन ठिकाणी अदलाबदल केली. बेल्मीरो बोलला नाही. राजांची बाजू घ्यायला तो आला नव्हता. फक्त एका उतारावर गाडी घसरल्यासारखी झाली तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. "ब्रेक उतार लागायच्या आधी धरायचा, पोरी. उतारावर धरला तर तो तुझा नसतो, देवाचा असतो." ती आरशातून हसली. ट्रामवर होतात वाटतं, म्हणाली.

मग ते त्याच्या गल्लीत शिरले. तिने इंजिन बंद केलं, आवाज खाली आणला आणि सांगायला लागली. बाई चांगली सांगत होती. बोट बुडाल्याची बातमी, काळे कपडे, रोजची संध्याकाळ, नदीवरून रिकामी परत येणारी हाक. स्वतःच्याच मरणावर, आणि तेही खोट्या, बेल्मीरोचे डोळे भरले. त्याला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

"आणि ती खिडकी," इलिदिया वर बोट करून म्हणाली, "तिथे एक शेजारी बसतो. आज दिसत नाहीये."

"आज तो तुझ्या गाडीत बसलाय," बेल्मीरो म्हणाला. "बुडालेलाही मीच."

ती आधी हसली. मग तिने आरशात त्याचा चेहरा पाहिला आणि मागे वळली.

"मला कागद देतात काका. ऑफिसातून. मी पाठ करते. मला वाटलं, असेल खरं."

"चाळीस वर्षं वाट बघितली म्हणतेस. अगं, माझ्या बायकोने कधी ट्रामची वाट बघितली नाही."

आणि तो सांगत सुटला. जानेवारीचा पाऊस, ओले रूळ, तो चोवीस वर्षांचा, नोकरीला सहा महिने झालेले. ही कारापाऊ मासळीची टोपली घेऊन ट्रामच्या मागच्या फळीवर चढली. मासळीची टोपली ट्रामवर चालत नाही असा नियम. त्याने ट्राम थांबवून तिला खाली उतरवलं. ती भर रस्त्यात उभी राहून सगळ्या ट्रामला ऐकू जाईल असं म्हणाली, याच्या आईला मासळी पोस्टाने येते का हो? ट्राम हसली. तो कान लाल करून निघाला, तर चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रुळांवर वाळू सोडून, थांबून, पुन्हा वाळू सोडून तो इंच-इंच वर सरकत होता, आणि ही टोपली डोक्यावर घेऊन त्याच्या शेजारून चालत वर गेली. तो टेकडीच्या माथ्यावर पोचला तेव्हा तिची अर्धी टोपली विकून झाली होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, या, या, सावकाश या. दोन वर्षांनी लग्न झालं. पुढे सेहेचाळीस वर्षं ती त्याच्या चार पावलं पुढेच चालली. दवाखान्यातसुद्धा तिने शेवटची चादर स्वतः नीट केली आणि नर्सला म्हणाली, चला, कशासाठी थांबलाय?

"आणि हे तोंड उघडं आहे ना," तो फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "ती मेलेल्याला हाक मारत नाहीये. ती ओरडतेय, सार्डिन जिवंत आहे, किनाऱ्याची आहे, जिवंत आहे. वर टोपली होती. ती कापली हरामखोरांनी."

इलिदिया बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, मी हेच सांगीन. पैसे घ्यायला ती तयार नव्हती. त्याने जबरदस्तीने दिले. फुकट ऐकलेलं विसरलं जातं, असं त्याचं मत होतं.

तीन दिवस तिने सांगितलंही. तो खिडकीतून बघत होता. ती पाहुण्यांच्या भाषेत बोलायची, याला फक्त तिचे हात कळायचे. डोक्यावर टोपली धरल्याचे, तोंडाशी हात नेल्याचे. पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, निघायचे. डोळे कुणी टिपले नाहीत. बेल्मीरोला ते फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी ती गाडी खाली ठेवून जिना चढून वर आली. कॉफीचा कप हातात धरून बसली, पण ती प्यायली नाही. ऑफिसने बोलावलं होतं. पाहुण्यांनी लिहिलं होतं, गाडी छान, बाई छान, पण शेवटची गोष्ट साधीच. एकाने तर, यात दुःख कुठे आहे, असं विचारलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं, कागदावर आहे ते म्हणायचं, नाहीतर दुसरं काम बघायचं.

"माझ्या घरी दोन शाळेत जाणारी आहेत, काका."

"ठाऊक आहे."

"मी खिडकीतला शेजारी तरी गाळीन."

"तो ठेवला काय, गाळला काय," बेल्मीरो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही, पोरी. कॉफी घे."

राग होताच, पण तो तिच्यावर काढायचा नव्हता. तो राग घेऊन बेल्मीरो परगण्याच्या कचेरीत गेला. ग्रासाची सुट्टी संपायला आली होती, तरी तीही गेली. कचेरीच्या खिडकीपलीकडची बाई गोड होती. तिने त्याला बसायला खुर्ची दिली. फोटो आता प्रकल्पाचा आहे, तुमची सही आहे, खालचा मजकूर बदलायचा तर अर्ज करा, समिती बसेल, असं तिने समजावलं. आणि निघताना त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, लोकांना त्या फार आवडतात.

"कोण आवडते?" बेल्मीरोने विचारलं. "त्या बाईचं नाव काय? कुठे राहायची? मी तर तिला ओळखत नाही."

बाई गोडच राहिली. अर्जाचा कागद तिने घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी ग्रासाला विमानतळावर पोचवून तो परत आला. वरून पेचकस आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं आणि भर अकरा वाजता भिंतीशी गेला. चार स्क्रू होते, वरचे दोन गंजलेले. एक टुकटुक येऊन थांबली, तिच्यामागे दुसरी. कुणी त्याला अडवलं नाही. एक तरुण चालक पाहुण्यांना काहीतरी सांगत राहिला, आणि पाहुणे बेल्मीरोचे फोटो काढत राहिले. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा फोटोचा पत्रा त्याच्या अंगावर कलंडला. छातीपर्यंत उंच होता तो. एटेल्विनाचा चेहरा खांद्याला लावून तो जिना चढला. वळणावर पत्रा अडला. आडवा करून, तिरका करून, दम खाऊन त्याने तो वर नेला.

स्वयंपाकघरात एकच भिंत मोकळी होती, तीही टेबलामुळे अडलेली. त्याने टेबल बाहेर काढून रस्त्यावर ठेवलं. दुपारपर्यंत कुणीतरी ते नेलं.

सोमवारी दहा वाजता टुकटुकी नेहमीसारख्या आल्या आणि नेहमीच्या जागी थांबल्या. भिंतीवर आता एक फिकट चौकोन होता, चार भोकं होती. चालकाने त्या चौकोनाकडे बोट केलं आणि सांगायला लागला. पूर्वीपेक्षा जास्त वेळ सांगत होता. निळ्या टोपीतली एक बाई खाली उतरली, तिने त्या रिकाम्या चुन्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. तिच्या नवऱ्याने फोटो काढला.

बेल्मीरो खिडकीशी नव्हता. तो स्वयंपाकघरात एटेल्विनाच्या फोटोसमोर खुर्चीवर बसला होता, ताट मांडीवर. तळलेल्या कारापाऊचा काटा त्याने नखाने सावकाश सोडवला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि मग पुढचा घेतला.