एप्रनचे ठिगळ

मी एक जुनी किटबॅग आहे, मित्रांनो. मूळ रंग हिरवा होता, आता कोणता म्हणावा ते मलाही सांगता येणार नाही. अंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘पेटवे’ असे नाव आहे आणि बुडाला निळ्या चौकड्यांचे ठिगळ.

जाड कॅनव्हास शिवून, पितळी कड्या ठोकून मला घडवले आणि ओटिस पेटवे नावाच्या हवाई दलातल्या तरण्याबांड पोराच्या खांद्यावर दिले. त्याच्याबरोबर मी जर्मनीच्या तळावर गेले. तिथे त्याला हायड्रून भेटली. तो तिला हायडी म्हणू लागला आणि बदली होताच लग्न करून अमेरिकेला घेऊन निघाला. निघायच्या दिवशी हायडीच्या आईला माझे फाटलेले बूड दिसले. लेक परदेशी चाललेली, आणि ही माउली स्वयंपाकघरात बसून स्वतःचा एप्रन कापून मला ठिगळ लावत होती. “वाटेत काही सांडायला नको,” एवढेच ती म्हणाली. त्यातला एकही टाका आजवर उसवलेला नाही, हे मी मिरवूनच सांगते.

पुढे ओटिस सार्जंट होऊन निवृत्त झाला आणि दोघे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात हवाई तळाजवळच राहू लागले. लष्कराच्या मालवाहू विमानात जागा उरली, तर निवृत्तांना फुकट नेतात. उरली तर! आधी तातडीच्या रजेवरचे, मग नोकरीतले, मग त्यांची बायकापोरे, आणि पंगतीच्या अगदी शेवटी आम्ही. हजेरीला नाव पुकारले आणि तुम्ही जागेवर नसलात, तर गेली संधी. म्हणून दर सप्टेंबरात जर्मनीला हायडीच्या आईकडे निघालो, की तळावरच्या प्रतीक्षा दालनात आमचा मुक्काम पडायचा. बाकीच्यांची नावे ऐकत बसायचे, विमान गेले की पुढच्याची वाट पाहायची.

“मी जन्मात विमानाचं तिकीट काढलेलं नाही,” ओटिस शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचा.

“आणि जन्मात कुठे वेळेवर पोचलेलाही नाहीस,” हायडी म्हणायची.

पण पोचलो की सारा शीण जायचा. आई दार उघडायची, मला ओसरीत टेकवलेली पाहायची, वाकून ठिगळावरून हात फिरवायची आणि मगच लेकीला मिठी मारायची. तो हात आठवला की मला अजून भरून येते.

मग ओटिसचे गुडघे गेले. घरात चाकांची नवी बॅग आली आणि माझी रवानगी गवत कापायच्या यंत्राशेजारी झाली. उंदरांनी माझा पट्टा चाखून पाहिला. सप्टेंबर यायचे, जायचे, मला कोणी हाक मारत नव्हते.

एके दिवशी आईच्या शेजारणीचा फोन आला. आई माणसे विसरायला लागली होती. रोज विचारायची, “हायडी कधी येणार?” हायडीने त्याच संध्याकाळी तिकिटांचा विषय काढला.

“थांब गं,” ओटिस म्हणाला, “या दिवसांत विमानं रिकामी जातात. उगाच कशाला?” आणि शकुनाची म्हणून त्याने मला झटकून बाहेर काढले.

विमाने रिकामी जात नव्हती. आम्ही दालनात बसून राहिलो. शेवटी एकदाचे नाव पुकारले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सार्जंट, एकच जागा आहे. घेणार?”

“मी जाते,” हायडी पुढे झाली.

“मॅडम, निवृत्तांच्या घरच्यांना त्यांच्याशिवाय एकटं जाता येत नाही. ते जाऊ शकतात.”

“अगं, आई माझी आहे! त्याची नाही!”

त्या बिचारीने नियमांचा कागद पुढे केला. नियम तिने थोडाच केला होता? हायडीने आईला आवडणाऱ्या पीनट बटरची बरणी माझ्यात नीट खाली सरकवली, पट्टा ओढला आणि ओटिसला म्हणाली, “तू जा. कुणीतरी जा.”

त्या गार विमानात एरवी हायडी माझ्यावर डोके टेकून झोपायची. त्या दिवशी ओटिसने मला मांडीवर धरून ठेवले.

आईने दार उघडले. जावयाकडे तिने परक्याकडे पाहावे तसे पाहिले. मग तिची नजर माझ्यावर गेली. ती वाकली आणि ठिगळावरून हात फिरवू लागली. “हे मीच लावलंय,” ती म्हणाली. “माझी हायडी आली! कुठे आहे ती? बाहेर का उभी आहे?”

ओटिसला जर्मन तोडकेमोडकेच येते, पण एवढे समजायला भाषा लागत नाही. त्याने तिथूनच फोन लावला. “हायडी, तिकीट काढ. विकतचं. मी होडी घ्यायला साठवलेले पैसे घे आणि आजच नीघ.”

“कोण बोलतंय?” हायडी रडत म्हणाली. “माझा नवरा कुठंय?”

ती आली, चाकांची ती नवी बॅग घेऊन. पळतच आत शिरली. आई माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिने वर पाहिले आणि अगदी अदबीने म्हणाली, “या, बसा. माझी मुलगी येईलच इतक्यात. तिची बॅग आली आहे.”

हायडीने चाकांची बॅग दाराशीच सोडली. मग खाली बसली आणि आईचा हात हातात घेतला. “बसते ना,” ती म्हणाली. “मला वाट पाहायची सवय आहे. आपण दोघी मिळून पाहू.”

मी त्या दोघींच्या मधे होते. आईचा दुसरा हात माझ्या ठिगळावर होता. त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते, की अगं, हीच ती!

मित्रांनो, ज्यांना भेटायचे आहे त्यांच्याकडे वेळेवर जा, फुकटच्या जागेसाठी थांबू नका. आणि घरातल्या आम्हा जुन्यापान्या वस्तूंना टाकून देऊ नका. न जाणो, उद्या कुणाला तुमचा चेहरा आठवणार नाही, पण आम्ही आठवू.