तेल पुसलेला फडका

जरा घाईत बोलतोय, सांभाळून घ्या. शवपेटीचं झाकण लागायच्या आत मला सगळं सांगून टाकायचं आहे. मी हातभर लांबीचा एक पांढरा सुती फडका, स्वभावाने पहिल्यापासून घाबरट.

मला आईने शिवलं. कुणाची आई म्हणाल, तर ज्याची गुरुदीक्षा होती त्याची. माझ्या कडा तिने दोनदा उसवल्या आणि पुन्हा दुमडल्या, जणू बिशप माझी शिवणच तपासायला बसणार होते. बिशपांनी तिच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला धर्मगुरू केलं आणि मग त्याच्या तळव्यांना सुगंधी पवित्र तेल चोळलं. ते हात त्याने मला पुसले. मी तेलकट झालो, आई रडली.

आमच्याकडे रीत अशी, की तो फडका आईने जपायचा आणि मेल्यावर शवपेटीत हातात घेऊन जायचं. देवाने विचारलं, काय आणलंस, तर दाखवायचा. म्हणायचं, माझा मुलगा तुझ्या कामाला दिला.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. कपाटात झुरळ दिसलं तरी मला धडकी भरायची. आईही माझ्यासारखीच. मला काढून हुंगायची, परत ठेवायची आणि कपाट नीट लागलंय ना, ते ओढून बघायची.

आई अंथरुणाला खिळली आणि ताईच्या, म्हणजे फादर झालेल्या त्या मुलाच्या थोरल्या बहिणीच्या हातून घात झाला. आईच्या हातात स्वच्छ फडका जावा, या मायेपोटी तिने मला गरम पाण्यात साबण लावून असं काही चोळलं, की पिवळट डागही गेला आणि वासही. चूक कळल्यावर तिच्या घशाखाली घास उतरेना. माझं तर धाबं दणाणलं. आता आई दाखवणार काय? घरातल्या इतर फडक्यांत आणि माझ्यात फरक तो काय उरला?

त्यातच फादर घरी आला. झगा नाही, साधा चौकडीचा शर्ट. स्वयंपाकघरात त्याने ताईला हळूच सांगितलं, की तो थकलाय, प्रार्थना नुसती ओठांवरच राहते, बिशपांना भेटून मला धर्मगुरूपदातून मोकळं करा म्हणावं असं मनात आहे. आईला कळू देऊ नकोस, असंही म्हणाला. पण भिंतीपलीकडेच आईची खाट होती, तिचे कान शाबूत होते आणि मी तिच्या उशाशी होतो. आम्ही दोघांनी ऐकलं.

तिने त्याला हाक मारली आणि म्हणाली, आजाऱ्यांना लावतात ते तेल मला लाव.

तो खाली बघून म्हणाला, "चर्चमधल्या फादरना बोलावतो, आई. माझे हात त्या लायकीचे राहिले नाहीत."

"तुझी लायकी कुणी विचारली?" आई म्हणाली. "तुझी पुण्याई नकोय मला. देव तुझ्या हातून येतो रे, तुझ्या चांगुलपणावर नाही येत."

तिने मला पुढे केलं. "हा बघ. ताईने धुतला. डाग गेला, वास गेला. म्हणून काय तुझ्या हाताला तेल लागलंच नव्हतं?"

ताई दारात उभी राहून पदराने डोळे टिपत होती. त्याचा हात हळूहळू खिशाकडे गेला. कपडे बदलले होते, तरी तेलाची बोटभर बाटली खिशातच होती. सवय कुठे जाते?

त्याने आईच्या कपाळाला, मग तळव्यांना तेल लावलं. प्रार्थना म्हणताना आवाज फाटला, पण शब्द एकही चुकला नाही. अंगठा पुसायला काही सापडेना, तेव्हा आईने मलाच त्याच्या हातात दिलं.

आज मी तिच्या हातात आहे. कोपऱ्यावर नवा डाग आहे, पण हे तेल दीक्षेचं नाही, आजाऱ्यांचं आहे. चालेल ना हो? आईला विचारायचं राहूनच गेलं.

तिच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, तोच करणार आहे. झगा घालून उभा आहे. उद्या तो बिशपांकडे जाईल की वेदीकडे, मला ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. तीच काळजी मला पोखरते आहे.

झाकण लावायला उचललं लोकांनी. तुम्ही एवढं करा. तो कधी कुठे थकलेला, एकटा दिसला, तर त्याची लायकी काढू नका. त्याला हात पुसायला काहीतरी द्या.