अर्ध्या मिशीची पैज

मी मूळचा विट्याचा. सोनं गाळायच्या धंद्यापायी केरळात, चेर्तलेजवळच्या या गावात आलो आणि इथलाच झालो. इथे निवडणूक म्हणजे घरचं कार्य, आणि पैज लागली नाही तर त्या कार्याला चवच येत नाही. यंदा पंचायतीच्या निवडणुकीत पैज लागली सुगुणन आणि कुर्याच्चनची. ज्याचा उमेदवार पडेल त्याने अर्धी मिशी उतरवायची आणि आठवडाभर तशीच मिरवायची. पंच मी, कारण माझं मत अजून विट्यातच आहे.

सुगुणन काथ्याच्या गल्लीतला, लाल झेंड्याचा. कुर्याच्चन चर्चच्या गल्लीतला, दुसऱ्या आघाडीचा. दोघे शाळेपासूनचे दोस्त, त्यामुळे भांडण रोजचं.

“तुमच्या गल्लीत बंगले मोठे, पण मतं सगळी कॅनडात,” सुगुणन चहाच्या टपरीवर म्हणाला. “मागे राहिले म्हातारे. ते काय गुडघे धरत मतदानाला येणार?”

“आणि तुझी गल्ली रे?”

“आजोबांपासून लाल! तिथे विचारायचं नसतं, नुसतं घराबाहेर काढायचं असतं. मतदान वाढलं की आम्ही आलोच.”

आता खरं सांगायचं तर काथ्याच्या गल्लीत काथ्या राहिलाय कुठे? चरखे कधीचे थांबले. पोरी साड्यांच्या दुकानांत, इस्पितळांत कामाला जातात आणि रात्री उशिरा परततात. कुर्याच्चनच्या आघाडीची उमेदवार शैनी हिने डेपोत ठाण मांडून शेवटची बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला लावली होती. आमचा सुगुणन त्याच थांब्यावर स्वतःच्या उमेदवाराचं पोस्टर चिकटवून आला.

त्याच्या लेकीचं, निमिषाचं लग्न निकालानंतर दोनच दिवसांनी होतं. मतदानाच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, म्हणून या शहाण्याने त्याच दिवशी लग्नाच्या साड्या घ्यायला दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे मतदान नंतर होतं, बस ठरवली. साडी निवडायला इथे एकटी आई जात नाही, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जातात. “दुपारी परत येतील, मग मतदान,” तो म्हणाला. साड्यांच्या दुकानातून बायका दुपारी परत येणार! मला हसू आवरेना.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सुगुणनला त्याच्या बायकोचा, विलासिनीचा फोन आला. साड्या झाल्या होत्या, पण बस पुलावर अडकली होती. सहाला मतदान संपून शाळेचं फाटक बंद होणार होतं. सुगुणनच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीच्या मांडवात अर्ध्या मिशीने उभं राहायचं म्हणजे काय, ते त्याला आत्ता कळलं.

“कुर्याच्चा, तुझी मोठी नाव दे.”

“तुझी मतं मी वाहून आणू?”

“मग राहू दे.”

“थांब रे, रुसतोस काय! तुझी मतं पुलावर अडकली म्हणून जिंकलो तर मजा काय? चल, मीच हाकतो.”

पुलाखालच्या धक्क्यावरून नाव भरून आली. बायका, साड्यांचे खोके, मोगऱ्याचे गजरे आणि सगळ्यांचा एकच गलका. सुगुणनने एकेकीला हात देऊन उतरवलं आणि शाळेकडे पळवलं. फाटक बंद होताना शेवटची आत शिरली, तेव्हा तो आनंदाने नाचला. मीही टाळ्या वाजवल्या.

शनिवारी निकाल लागला. शैनी जिंकली. नावेत जितक्या बायका होत्या, साधारण तितक्याच मतांनी.

टपरीवर मी वस्तरा घेऊन उभा राहिलो. “सोड रे, लग्न आहे घरात,” कुर्याच्चन म्हणाला.

“शब्द म्हणजे शब्द,” सुगुणन म्हणाला.

तेवढ्यात विलासिनी आली आणि तिने माझ्या हातातला वस्तरा घेतला. “अहो, नावेतून उतरताना एकीला तरी विचारलंत, मत कुणाला देणार म्हणून?”

“आपल्या गल्लीत काय विचारायचं?”

“हेच ते!”

सुगुणन बाकड्यावरून अर्धवट उठला. “म्हणजे तूसुद्धा?”

“हलू नका, कापेल,” ती म्हणाली आणि डावी बाजू साफ करून टाकली. आरशात बघून तो आधी कळवळला, मग असा हसला की टपरीचं बाकडं हललं.

लग्नात व्याही मंडळी चोरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. इतक्यात कुर्याच्चन आला, आणि मांडवात हशा पिकला. जिंकूनही पठ्ठ्याने आपली उजवी बाजू उतरवली होती! “फोटोत एक तरी पुरी मिशी यायला हवी ना?” म्हणत त्याने सुगुणनच्या गालाला गाल लावला. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

मग पंगत बसली. सुगुणन पायसमचं, म्हणजे इथल्या खिरीचं भांडं घेऊन केळीच्या पानांवरून फिरत होता आणि एकेका बाईपुढे वाकून विचारत होता, “वाढू का? किती वाढू?” विलासिनीच्या पानापाशी आला तेव्हा हळूच म्हणाला, “पुढच्या खेपेला मत कुणाला गं?”

“आधी पायसम वाढा,” ती म्हणाली. “विचारलंत, आता विचार करते.”